*मुसळी एक नाही, अनेक आहेत : बियाणं घेण्याआधी आणि रानात कुदळ मारण्याआधी वाचा*



रोहिणी संपत आल्या, मृग तोंडावर आहे. कपाशी-मक्याच्या बियाण्याची चौकशी तर दरवर्षी असतेच. पण या आठवड्यात पळासनेर, बोराडी, सांगवी पट्ट्यातल्या सभासदांकडून एक वेगळा प्रश्न आला आहे. सफेद मुसळीचं बियाणं देतो, माल आम्हीच परत घेतो, असं सांगणारी माणसं गावात फिरत आहेत. घ्यायचं का? आणि "मुसळीना भाव काय शे?" हाही प्रश्न आहेच.

भावाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, कारण "मुसळी" म्हणजे नेमकं कोणतं झाड हेच आधी ठरवावं लागतं. आजचा संदेश मोठा आहे. दुपारच्या सवडीला वाचा, घरात वाचून दाखवा.

*१) हे कुळ कोणतं?*

सफेद मुसळी ज्या कुळात येते त्याचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम. ग्रीक भाषेत त्याचा साधा अर्थ "हिरवी वनस्पती". जगात या कुळाच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत. भारतात पंधरा-वीस जाती सापडतात. त्यातल्या बऱ्याच आपल्या महाराष्ट्रात, सह्याद्रीत आणि सातपुड्यात आहेत. शहरात बाल्कनीतल्या कुंडीत पांढऱ्या पट्ट्याच्या पानांचं "स्पायडर प्लांट" असतं, तेही याच कुळातलं. ते मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. त्याचा आपल्या मुसळीच्या बाजाराशी काही संबंध नाही.

ही झाडं बहुवर्षायू आहेत. म्हणजे वरचं पान दरवर्षी वाळून जातं, पण खाली मुळं जिवंत राहतात. पहिला चांगला पाऊस झाला की कोंब वर येतो. आषाढ-श्रावणात पांढरी, सहा पाकळ्यांची चांदणीसारखी फुलं येतात. मग तीन धारांचं छोटं बोंड धरतं आणि त्यात कांद्याच्या बियांसारखं काळं बी असतं. भादवा-आश्विनात पान पिवळं पडून वाळतं. पुढे उन्हाळाभर मूळ जमिनीत झोपून राहतं. म्हणजे झाडाला वर्षभराचं अन्न साठवायला पानाचे जेमतेम तीन-चार महिने मिळतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीनदा उपयोगी पडणार आहे.

*२) आपल्या भागात कोणकोणत्या दिसतात आणि ओळखायच्या कशा?*

🌱 *खरी सफेद मुसळी – क्लोरोफायटम बोरिविलियानम*
नावातच बोरिवली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे, मूळचे स्पेनचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात बोरिवलीच्या जंगलातल्या झाडावरून या जातीला नाव दिलं. आदिवासी बांधव मुसळी पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, पण पुस्तकात या जातीला स्वतंत्र नाव मिळून अजून शंभर वर्षंही झाली नाहीत. औषधाच्या बाजारात भाव असतो तो मुख्यतः हिलाच.
ओळख: पानं बुंध्यापासून चौफेर पसरतात, जवळजवळ जमिनीला टेकतात. फुलाचा दांडा एकच, फांद्या नसलेला. मुळांचा गड्डा धुवून बघा. बुंध्याच्या चकतीपासूनच जाड मुळं निघतात आणि टोकाकडे निमुळती होतात, हाताच्या बोटांसारखी. म्हणून त्यांना "फिंगर" म्हणतात.

🌱 *क्लोरोफायटम ट्युबरोसम*
हिलाही लोक मुसळीच म्हणतात. रॉक्सबर्ग नावाच्या वनस्पती अभ्यासकाने दोनशे वर्षांपूर्वीच हिची नोंद केली होती.
ओळख: पानं लांब आणि जास्त उभी. फूल बोरिविलियानमपेक्षा मोठं आणि पावसाच्या सुरुवातीलाच येतं. खरा फरक खाली आहे. बुंध्यापासून बारीक दोऱ्यासारखी मुळं निघतात आणि त्यांच्या टोकाला गाठी लोंबतात, भुईमुगाच्या आऱ्याला शेंग लोंबावी तशा.
ही झाडं निरुपयोगी नाहीत. पण बोरिविलियानमच्या नावाने आणि भावाने कोणी ही विकत असेल, तर ती फसवणूक आहे.

🌱 *क्लोरोफायटम लॅक्सम*
लहान, गवतासारख्या अरुंद पानांची. मुळं बारीक, बाजारात किंमत नाही. बांधावर किंवा गवतात दिसली तर असू द्या.

सह्याद्रीत याखेरीज क्लोरोफायटम ग्लॉकम (निळसर झाक असलेली पानं), कोल्हापूरच्या नावाची क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स अशा आणखी जाती आहेत. आपल्या कामाच्या मुख्य दोन: *बोटांसारखी मुळं* आणि *दोऱ्याला लोंबणाऱ्या गाठी*. एवढं घरात सगळ्यांना दाखवून ठेवा.

*३) नाव मुसळी, पण कुळ वेगळं*

▪️ *काळी मुसळी* : कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. पानावर उभ्या घड्या, शिंदीच्या लहान रोपासारखी. फूल *पिवळं*, जमिनीलगत. मूळ काळपट, सरळ खाली गेलेलं. हीसुद्धा औषधी आहे, पण सफेद मुसळीच्या कुळातली नाही.

▪️ *शतावरी* : सोलून वाळवलेली शतावरी सफेद मुसळीत मिसळतात. शतावरीचं मूळ मोडलं की आत मधोमध चिवट दोरा निघतो. चांगली वाळलेली सफेद मुसळी कट्‌कन मोडते, आत दोरा नसतो, चावली तर दाताला चिकटते.

⚠️ *इथे जिवाचा प्रश्न आहे:*
▪️ *कळलावी (खड्यानाग)* : हिचा कंद अत्यंत विषारी. पानाचं टोक दोरीसारखं वळलेलं असतं, फूल लाल-पिवळं, ज्वाळेसारखं. कंद नांगराच्या आकाराचा, वाकडा.
▪️ *रानकांदा (कोळकांदा)* : पानं लांब पट्ट्यासारखी, कोवळी असताना मुसळीच्या पानात सहज मिसळतात. खाली मात्र कांद्यासारखे पापुद्रे असलेला गड्डा. हृदयावर परिणाम करणारं विष आहे.

पावसाळ्यात रानभाजी काढताना शंका आली तर ते पान टोपलीत टाकू नका. लहान पोरांना एकटं भाजी काढायला पाठवू नका. चुकून खाण्यात आलं आणि उलट्या, पोटात मुरडा सुरू झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेलं पान किंवा कंद सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा, म्हणजे डॉक्टरांना कारण लगेच कळेल.

*४) रानभाजी म्हणून*

या कुळाची कोवळी पानं म्हणजे आपली पावसाळी भाजी. कुठे फोडशी म्हणतात, कुठे कुली, कुठे कुलूची भाजी. गावागणिक नाव बदलतं. बुडाचा पांढरा भाग आणि मधला जाड दांडा काढायचा, बारीक चिरायचं, कांदा-लसूण-हिरवी मिरची आणि भिजवलेली डाळ घालून परतायचं. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

आठवडे बाजारात ही भाजी विकणाऱ्या बहुतेक आपल्या पावरा आणि भिल्ल समाजाच्या भगिनी आहेत. त्यांना एकच सांगणं: झाड उपटू नका, सगळी पानंही खुडू नका. बाहेरची दोन-तीन पानं घ्या, मधला कोंब राहू द्या. पानाच्या तीन-चार महिन्यांतच मूळ पोसलं जातं. पान गेलं की मूळ बारीक होतं, आणि पुढच्या वर्षी त्या जागी भाजीही कमी मिळते.

*५) रानातली मुसळी कमी का झाली?*

जुनी माणसं सांगतात, पूर्वी पावसाळ्यात टेकडीवर पांढरी फुलंच फुलं दिसायची. ती कमी होण्यामागचं एक मोठं कारण खणण्याच्या वेळेत आहे.

मुसळी तयार होते ती पान वाळल्यानंतर. तेव्हा मुळाची साल पांढऱ्याची तपकिरी होत जाते आणि मूळ भरतं. पण पान वाळलं की जंगलात झाड सापडत नाही. म्हणून व्यापारी आणि मजूर पान हिरवं असतानाच खणतात. याने दोन नुकसान होतात. मूळ कच्चं निघतं, वाळल्यावर सुरकुततं, त्याला भाव कमी मिळतो. आणि बी पडायच्या आधीच झाड जातं. मुसळीच्या बियांची उगवण मुळातच फार कमी असते. एक गड्डा गेला की त्याची जागा भरायला कित्येक वर्षं लागतात.

ज्यांना वनहक्क मिळालेले आहेत त्यांच्यासाठी: वनहक्क कायदा २००६ मध्ये गौण वनोपजात औषधी वनस्पती, मुळं आणि कंद यांचा उल्लेख आहे. ते गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पण हक्क टिकायचा तर झाडही टिकलं पाहिजे. ग्रामसभेत एवढे तीन नियम ठरवता येतील:
✅ श्रावण-भादव्यात झाडाजवळ काठी रोवून खूण करायची, खणायचं मात्र बी पडल्यावर आणि पान वाळल्यावर.
✅ गड्ड्यातली मोठी मुळं घ्यायची. बुंध्याची चकती दोन-तीन मुळांसह त्याच खड्ड्यात परत पुरायची.
✅ एका टेकडीवर एक वर्ष खणलं तर पुढची दोन वर्षं तिला हात लावायचा नाही.

अनेर धरण अभयारण्याच्या हद्दीतून काहीही काढण्याआधी वनखात्याशी बोला. तिथले नियम वेगळे आहेत. नंतर त्रास नको.

*६) आता मुख्य प्रश्न: बियाणं घ्यायचं का?*

विसेक वर्षांपूर्वी मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान, छत्तीसगड या सगळ्या पट्ट्यात मुसळीची लाट आली होती. बियाणं महाग विकलं गेलं, परत खरेदीची आश्वासनं दिली गेली, आणि दोन-चार हंगामांत भाव कोसळला. असं का झालं ते गणिताने समजून घ्या. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या शेतात वेगळे येतील.

३० सेंटीमीटर बाय १५ सेंटीमीटर अंतराने गादीवाफ्यावर लावलं आणि सऱ्यांची जागा सोडली, तर एकरात ६०-६५ हजार फिंगर बसतात. एक फिंगर ६ ग्रॅमचा धरला तर साधारण *४ क्विंटल* बियाणं लागलं. समजा, १० क्विंटल ओला माल निघाला. तो सगळाच बियाणं म्हणून विकला गेला, तर त्यात पुढच्या वर्षी *अडीच एकर* लागेल. त्या अडीच एकराचा माल त्याच्या पुढच्या वर्षी सव्वासहा एकराला पुरेल. असंच चालू राहिलं तर पाचव्या वर्षी एका एकरापासून *जवळजवळ ४० एकर* होतात. हे झालं एका शेतकऱ्याचं. असे शंभर शेतकरी असतील तर?

म्हणजे बियाण्याचा धंदा दरवर्षी अडीच पट नवे शेतकरी सापडत राहिले तरच चालतो. एके वर्षी नवा शेतकरी मिळत नाही आणि त्या वर्षी ज्याच्या शेतात माल असतो तो अडकतो. औषध बनवणाऱ्याला बियाणं नको असतं. त्याला सोललेली, वाळलेली, पांढरी मुसळी हवी असते. त्याची गरज दरवर्षी अडीच पट होत नाही.

आता वाळलेल्या मालाचं गणित बघा. १० क्विंटल ओल्यातून ४ क्विंटल पुढच्या बियाण्याला ठेवले. उरले ६ क्विंटल. सोलून वाळवल्यावर साधारण पाचवा हिस्सा उरतो. म्हणजे हातात *१२० किलो* वाळलेला माल. या १२० किलोच्या पैशातून बियाणं, शेणखत, निंदणी, काढणी आणि ६०० किलो मुळं सोलायची मजुरी वजा करायची आहे. सोलणी हा सगळ्यात मोठा खर्च आहे. एका दिवसात एका माणसाकडून किती किलो नीट सोललं जातं ते आधी ५ किलो आणून घरी मोजून बघा. मग कागदावर हिशेब मांडा.

*कोणी बियाणं घेऊन आला तर हे पाच प्रश्न विचारा:*
१. परत खरेदी ओल्या मालाची की वाळलेल्या? कोणत्या प्रतीची? प्रत ठरवणार कोण?
२. करार लेखी आहे का? भाव, तारीख, पैसे देण्याची मुदत त्यात लिहिली आहे का?
३. गेल्या वर्षी कोणत्या शेतकऱ्यांचा माल घेतला? त्यांच्याशी आमची गाठ घालून द्याल का?
४. तुमचा माल पुढे कोणाकडे जातो? औषध बनवणाऱ्याकडे, की दुसऱ्या शेतकऱ्याकडे बियाणं म्हणून?
५. बियाणं शेतातलं आहे की जंगलातून खणलेलं? पक्की पावती देता का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर गोलगोल आलं, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

*बियाणं स्वतः तपासा:* प्रत्येक फिंगरला वर बुंध्याच्या चकतीचा तुकडा हवाच. चकती नसेल तर फिंगर कितीही जाड असो, उगवत नाही. पोत्यात हात घालून मधले १०० फिंगर काढा आणि किती चकतीचे आहेत ते मोजा. दोऱ्याला गाठी असलेलं मूळ दिसलं तर ती बोरिविलियानम नाही. सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा माल घेऊ नका.

*७) तरीही करून बघायचं असेल तर*

मुसळी वाईट पीक नाही. सातपुड्याच्याच पायथ्याला, अकोला-अमरावतीकडे अकोट, अंजनगाव सुर्जी भागातले शेतकरी पानपिंपळीसारख्या औषधी पिकांबरोबर मुसळी करत आले आहेत. तिथे माल सोलणारे हात आणि घेणारे व्यापारी दोन्ही जवळ आहेत. आपल्याकडे ते आधी उभं करावं लागेल. म्हणून पहिल्या वर्षी *एक गुंठा*, त्याहून जास्त नको.

▪️ *जमीन:* निचऱ्याची, हलकी ते मध्यम. बोराडी-सांगवीकडची मुरूममिश्रित माती चालते. थाळनेरकडच्या तापीकाठच्या भारी काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं सडतात, आणि काढताना मूळ तुटतं.
▪️ *खत:* पूर्ण कुजलेलं शेणखतच. कच्चं शेण टाकलं तर हुमणी येते आणि मुळं पोखरते.
▪️ *लागवड:* पहिला चांगला पाऊस झाल्यावर गादीवाफ्यावर. चकतीची बाजू वर, वरून थोडीच माती.
▪️ *निंदणी:* हाताने. औषधी माल घेणारे फवारणीच्या अंशाची तपासणी करतात, म्हणून तणनाशक नको.
▪️ *पान:* मुळासाठी लावलेल्या वाफ्यातलं पान भाजीला तोडू नका.
▪️ *काढणी:* पान वाळलं म्हणजे माल तयार झाला असं नाही. साल गडद तपकिरी होईपर्यंत मुळं जमिनीत राहू द्या. नोव्हेंबरनंतर एक-एक गड्डा उकरून बघत चला. काढण्याआधी हलकं पाणी द्या, म्हणजे मूळ अख्खं निघेल.
▪️ *राखण:* जंगलाला लागून शेत असेल तर रानडुकरांचा बंदोबस्त आधी करा.
▪️ *बियाणं:* चांगले गड्डे चकतीसह सावलीत, हवेशीर जागी ठेवा. उन्हाळा संपता संपता त्यांना आपोआप कोंब फुटतात.

एका गुंठ्याने तीन गोष्टी कळतील: तुमच्या मातीत मूळ किती पोसतं, सोलायला किती मजुरी जाते, आणि वाळलेला माल घ्यायला खरंच कोणी येतं का. ही तीन उत्तरं हातात आली की पुढच्या वर्षी वाढवायचं का नाही ते तुम्हीच ठरवा.

*८) या महिन्यात काय करायचं?*

✅ कोणत्याही मुसळी कराराला आगाऊ पैसे देऊ नका. कराराचा फोटो आधी याच नंबरवर पाठवा. आपण कंपनीत बसून वाचू.
✅ ज्यांच्या बांधावर, पडीक जागेत मुसळी उगवते त्यांनी फूल आल्यावर फोटो पाठवा: एक पानांचा, एक फुलाचा. मुळासाठी पूर्ण झाड उपटू नका. बाजूची माती थोडी सरकवून फोटो काढा आणि परत झाका. जात कोणती ते कळवतो.
✅ फोडशी विकणाऱ्या भगिनींनी आपल्या गावातली नावं कळवा. एकाच गावातून रोज पुरेशा जुड्या निघत असतील, तर शिरपूरच्या बाजारात कंपनीमार्फत एकत्र नेता येतील का, हे पुढच्या बैठकीत ठरवू.
✅ औषध म्हणून मुसळी किती, कशी घ्यायची हे वैद्यांना विचारा. तो सल्ला या नंबरवर मिळणार नाही.

बियाणेवाला घाई करतो, "आजच घ्या, उद्या संपेल" म्हणतो. मुसळीचं मूळ जमिनीत आठ-नऊ महिने निवांत झोपतं. तिच्यासाठी आपणही एक हंगाम थांबलो तर काही बिघडत नाही.

पेरणीच्या शुभेच्छा. पुरेसा पाऊस झाल्याशिवाय कपाशी टोकू नका, त्याचा संदेश वेगळा येईल.

– कृषी सल्लागार,
आपली शेतकरी उत्पादक कंपनी, शिरपूर